शेवटचे कडवे ऐकण्यासाठी किनवटला

गेल्या मार्च महिन्यात आम्ही किनवटला जाऊन आलो. माहूरचा गड पाहायला नव्हे, की सहस्रकुंडाचा धबधबा पाहायलाही नव्हे. मार्चमध्ये धबधब्याला पाणी तरी किती असणार! आमच्या शर्टाच्या आतल्या खिशात एक पाकीट होते. त्यात दोन हजार रुपये आणि एक कोरी पावती होती. किनवट भागातील एका गायन पार्टीचे हे पैसे आमच्या जयंती मंडळाकडे २०१९ पासून राहिले होते, आणि मंडळाचे कोषाध्यक्ष आम्हीच होतो.

वाचकहो, नुसते पैशाचेच देणे असते तर ते मोबाइलवरूनही पाठवता आले असते. पण त्यासोबत आणखी एक देणे होते. ते होते एका कडव्याचे. ते कसे, हे आधी सांगितले पाहिजे.

आम्ही कापलेले कडवे

आमच्या नांदेडच्या वस्तीत जयंतीनंतरच्या आठवड्यात प्रबोधनपर गीतांचा कार्यक्रम ठेवण्याची पद्धत आहे. त्या वर्षी किनवटची पार्टी बोलावली. या पार्टीचे प्रमुख स्वतः गाणी लिहितात, स्वतः चाल लावतात आणि स्वतःच गातात. पत्रिकेत वेळ सायंकाळी सातची होती. पाहुणे आले पावणेनऊला. मग पुष्पपूजा, त्रिशरण-पंचशील, स्वागत, सत्कार आणि पाच भाषणे झाली. पार्टीच्या हाती माइक आला तेव्हा साडेनऊ वाजत आले होते. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियमच तसा आहे, आणि सवलतीचे मोजके दिवस सोडले तर तो सर्वांना लागू आहे.

दहाला तीन मिनिटे कमी असताना आम्ही मंचाखाली उभे राहून हात फिरवला आणि ‘आटपा’ अशी खूण केली. शाहीर तिसरे कडवे संपवून चौथ्याची उचल करीत होते. त्यांनी आमच्याकडे पाहिले, मग ढोलकीवाल्याकडे पाहिले. ध्रुपद एकदा म्हटले, हात जोडले आणि खाली उतरले. जेवताना ते एवढेच म्हणाले, “साहेब, शेवटचं कडवं राहिलं बघा.” आम्ही म्हणालो, “चालायचंच दादा, लोकांना गाणं तर कळलं ना.”

पुढचा भाग हिशेबाचा. त्या वर्षी वर्गणी जमली ६०,४०० रुपये आणि खर्च ठरला ६२,४०० रुपये. त्यात डीजे ३५,०००, मंडप व लाइट ११,०००, गायन पार्टी ८,००० आणि हार, बॅनर, अल्पोपाहार मिळून ८,४००. दोन हजार कमी पडले. ते कोणाचे कापावे याची चर्चासुद्धा झाली नाही. डीजेवाला सगळे पैसे आधी मोजून घेतो, मंडपवाला सामान उतरवण्यापूर्वी मागतो. गायन पार्टी गाणे झाल्यावर उभी राहते. तेव्हा तूट तिच्याच वाट्याला आली. “पुढच्या महिन्यात पाठवतो,” असे आम्ही सांगितले. पुढे कोरोना आला आणि आम्हाला निमित्त मिळाले. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर, कार्यालयात दिवसभर दुसऱ्यांच्या थकबाक्या काढतो. ही थकबाकी मात्र आमच्याच वहीत पडून होती.

सागाच्या रानातून

नांदेडहून निघालेली गाडी मुदखेडला मोठा मार्ग सोडते आणि आदिलाबादच्या वाटेला लागते. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड आणि मग किनवट. आमच्या लहानपणी हा मार्ग मीटरगेजचा होता. डबा लहान, गर्दी मोठी. आता ब्रॉडगेज झाला आहे, पण खिडकीतून दिसणारे फारसे बदललेले नाही. भोकर मागे पडले की काळ्या रानातली कापसाची वाळलेली पळाटी दिसते. मग जमीन वर-खाली होऊ लागते आणि साग सुरू होतो. मार्चमध्ये सागाची पाने गळालेली असतात आणि पळस मात्र फुललेला असतो.

आमच्या सोबत मुलांची आई आणि धाकटी मुलगी होती. आमची बहीण किनवटला दिलेली आहे, त्यामुळे उतरायची सोय घरचीच होती. स्टेशनवर दाजी मोटारसायकल घेऊन उभे होते. मायलेकी ऑटोने घरी गेल्या आणि आम्ही दाजींच्या मागे बसून गावातून एक चक्कर मारली.

किनवट हे पैनगंगेच्या काठचे गाव. नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा आणि तासा-दीड तासावर तेलंगणाचे आदिलाबाद. आज आपण किनवट म्हटले की नांदेड जिल्हा म्हणतो, पण १९५६ पर्यंत हा तालुका हैदराबाद संस्थानातल्या आणि नंतर हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे दोन्ही तालुके तिकडून काढून इकडे जोडले गेले. म्हणून बाजारात उभे राहिले की एकाच दुकानासमोर मराठी, तेलुगू, उर्दू, बंजारा आणि गोंडी कानावर पडते. तालुक्यात गोंड, कोलाम, आंध, परधान यांची गावे आहेत, लमाणांचे तांडे आहेत आणि गावागावांत आपली बौद्ध वस्ती आहे. या भागातील अनेक गावे अनुसूचित क्षेत्रात मोडतात आणि आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालयही किनवटला आहे. उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे याच तालुक्यात. मराठवाडा म्हटला की लोकांना उघडे माळ आठवतात. मराठवाड्यात जंगल पाहायचे तर इकडेच यावे लागते.

बहिणीने ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा केला होता. जेवताना तिने विचारले, “दादा, खास कामानं आलास का असंच?” आम्ही पाकिटाची गोष्ट सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “ढोलकीवाले भाऊ गेले की रे. तुला माहीत नाही? दुसऱ्या लाटेत गेले.”

पुढचा घास आम्हाला उतरला नाही.

पार्टी म्हणजे काय

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दाजी आम्हाला शाहिरांच्या घरी घेऊन गेले. दोन खोल्यांचे घर, पुढे पत्र्याची पडवी. भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब, आणि त्याच खिळ्यांच्या रांगेत खंजिरी अडकवलेली. शाहीर गवंडीकाम करतात. नुकतेच कामावरून आले होते आणि हातापायाचे सिमेंट धूत होते. आम्हाला ओळखून म्हणाले, “या साहेब, बसा. आज तालीमच हाय. ऐकून जा.”

पाकीट काढायला आम्ही हात खिशाकडे नेला, पण माणसे यायला लागली. बँजोवाले शिंपीकाम करतात. तबला वाजवणारे ऑटो चालवतात. कोरसला दोघे, एक भाजी विकतो आणि दुसरा जिनिंगवर हमाली करतो. ऑर्गनवर शाहिरांची मुलगी, ती बी.ए.ला आहे. सातवी जागा ढोलकीची. तिथे एक अठरा-एकोणीस वर्षांचा मुलगा येऊन बसला. तो गेलेल्या ढोलकीवाल्याचा मुलगा.

ज्यांनी पार्टीचे काम जवळून पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गाणे सुरू होते ते ध्रुपदाने. ध्रुपद असे हवे की दुसऱ्या वेळी लोकांनी स्वतःच म्हटले पाहिजे. मग तीन किंवा चार कडवी. कडवे संपता संपता मुख्य गायक आवाज वर चढवतो, ढोलकी तोडा देते, आणि झील धरणारे ध्रुपद उचलतात. तेवढ्यात गायकाला श्वास घ्यायला उसंत मिळते. चाल कधी ओवीची, कधी पाळण्याची, कधी कव्वालीची, तर कधी सिनेमातली उचललेली. शाहीर सांगत होते की पहिली काही वर्षे ते सिनेमाच्याच चालीवर शब्द बसवीत. कारण सोपे होते. लोकांना चाल आधीच पाठ असते, मग त्यांचे सगळे लक्ष शब्दांकडे राहते. पुढे वीट रचता रचता स्वतःच्या चाली सुचू लागल्या. “वरून घमेलं देणारा अन् खालून घेणारा, दोघांचा ताल बसला की चाल निघती,” असे ते म्हणाले.

ज्याला यजमान नाही तो गायक

या मुलखात गाणाऱ्यांची परंपरा जुनी आहे. गोंडांच्या कुळांच्या आणि देवांच्या कथा गाऊन सांगण्याचे काम परधान पिढ्यानपिढ्या करीत आले. हातात किंगरी, आणि तोंडी शेकडो वर्षांची वंशावळ. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ नावाच्या अभ्यासकाने १९४० च्या दशकात आदिलाबादच्या गोंडांमध्ये राहून हे सारे लिहून ठेवले. किनवट त्या वेळी त्याच जिल्ह्यात होते. परधानाला ठरलेली यजमान घराणी असत. त्यांच्या सुखदुःखात त्याने गायचे आणि त्यांनी त्याला धान्य, कपडा, जनावर द्यायचे. शाहीर लहानपणी वडिलांबरोबर आसपासच्या गुड्यांवर कामाला जात आणि रात्री किंगरी ऐकत बसत. “ते ऐकूनच मला कळलं की लिहिता येत नसलं तरी इतिहास राहू शकतो,” असे ते म्हणाले.

पण आंबेडकरी गायकाला असा यजमान नाही. आपले जलसे उभे राहिले ते यजमान नाकारूनच. महात्मा फुल्यांच्या विचाराचे सत्यशोधक जलसे आधी झाले. पुढे १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या साथीदारांनी नाशिककडून आंबेडकरी जलसा गावोगाव नेला. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, असे बाबासाहेब म्हणत, ही आठवण आपल्याकडे सर्वत्र सांगितली जाते. ३० डिसेंबर १९३८ रोजी कन्नड तालुक्यात मक्रणपूरला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद झाली. तेव्हा मराठवाड्यावर निजामाचे राज्य होते आणि गावात वर्तमानपत्र वाचू शकणारा माणूस शोधावा लागे. अशा काळात विचार पोहोचला तो पायी आणि गाण्यातून.

त्यानंतर वामनदादा कर्डक. जन्म १५ ऑगस्ट १९२२, सिन्नर तालुक्यातील देशवंडी. मुंबईत कष्टाची कामे करता करता मोठेपणी अक्षरओळख झालेला हा माणूस हजारो गीते लिहून १५ मे २००४ रोजी गेला. पाठीशी कंपनी नाही, सरकारी नोकरी नाही. लोक बोलावतील तिथे जायचे, मिळेल ते खायचे आणि गाणे देऊन पुढच्या गावाला निघायचे. आमच्या आईला वाचता येत नव्हते, पण दादांची गाणी तिला अथपासून इतिपर्यंत पाठ होती. आपल्यापैकी अनेकांच्या घरी तसेच असेल.

वामनदादा आपले नाव गाण्याच्या शेवटच्या कडव्यात गुंफीत. ही रीत संतांच्या अभंगातही आहे आणि शाहिरांच्या पोवाड्यातही. आम्ही आजवर ती शोभेची गोष्ट समजत होतो. किनवटच्या पडवीत बसून कळले की गरीब कवीचा तोच सातबारा आहे. गाणे कोणीही गावो, कुठेही गावो, शेवटचे कडवे म्हटले गेले तर कवी जिवंत राहतो. ते कापले की गाणे राहते आणि कवी बेपत्ता होतो.

कॅसेटपासून डीजेपर्यंत

शाहिरांनी एक पत्र्याची पेटी उघडून दाखवली. आत अकरा वह्या. पहिली १९८९ ची. त्यातल्या दोन गाण्यांवर लाल शाईने फुल्या होत्या. आम्ही विचारले तेव्हा त्यांनी सांगितले. कॅसेटचे दिवस होते. १९९६ साली एका शहरातला माणूस आला आणि “तुमची गाणी कॅसेटमध्ये घालतो” म्हणून दोन गाणी उतरवून घेऊन गेला. वर्षभराने ते भोकरला बसची वाट पाहत उभे असताना पानटपरीवर त्यांचेच गाणे वाजले. आवाज दुसऱ्याचा, आणि शेवटच्या कडव्यात नावही दुसऱ्याचे. “मी टपरीवाल्याला म्हणलो, हे गाणं माझं हाय. तो हसला. तेव्हापासून फुली मारली.”

कॅसेटने आपले भले केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप, श्रावण यशवंते, नागोराव पाटणकर यांचे आवाज दूरच्या खेड्यात पोहोचले ते रेकॉर्ड आणि कॅसेटमुळेच. नामांतराच्या लढ्याच्या काळात कितीतरी घरांत अशी गाणी वाजली. ४ ऑगस्ट १९७८ रोजी आमच्याच जिल्ह्यातील टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना मारले गेले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव लागले. मधल्या सोळा वर्षांचा इतिहास आम्हा त्या वेळच्या लेकरांना पुस्तकातून नव्हे, गाण्यांतून कळला. पण कॅसेटच्या वेष्टनावर गायकाचा फोटो मोठा असे आणि कवीचे नाव असलेच तर मुंगीएवढे.

आता डीजेचा काळ आहे. डीजेला कडवी लागतच नाहीत. ध्रुपदाची एक ओळ आणि दहा मिनिटे ठोका. पूर्वी कवीचे नाव कापायला चोर लागत असे. आता ते काम यंत्रच करते, आणि त्या यंत्राला आम्हीच पस्तीस हजार मोजतो. मुलांनी नाचू नये असे आमचे म्हणणे नाही. जयंती हा आपला सण आहे, नाचावे. पण कोषाध्यक्ष म्हणून हिशेब मांडला तेव्हा आम्हालाच शरम वाटली. पार्टीला कबूल केले आठ हजार, प्रत्यक्षात हाती पडले सहा. त्यातून किनवट ते नांदेड जीपचे येण्या-जाण्याचे भाडे ३,२०० गेले. उरले २,८०० आणि माणसे सात. प्रत्येकाला चारशे रुपये, तेही दोन दिवसांचे काम बुडवून. हमालालासुद्धा आपण इतके कमी देत नाही.

गिटार आली तरी

तालीम संपली. ऑर्गनवरच्या मुलीने कोपऱ्यातून एक गिटार काढली. आमची धाकटी तिच्याजवळ जाऊन बसली. दोघींचे बोलणे आम्ही ऐकत होतो. शहरातील मुले हल्ली ‘इंडी बँड’ म्हणतात. इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतंत्र. जो गट स्वतःची गाणी स्वतः लिहितो, स्वतः गातो आणि कोणत्याही कंपनीच्या मालकीचा नसतो, तो इंडी. मुंबईकडे कबीर शाक्य या तरुणाने २०११ च्या सुमारास ‘धम्मविंग्ज’ नावाचा बँड उभा केला आणि बुद्ध-आंबेडकरांचा विचार गिटार-ड्रमवर गायला. चेन्नईत चित्रपट दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ उभे राहिले. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला कार्यक्रम झाला. तिथल्या कष्टकरी वस्त्यांतली ‘गाना’ ही गायकी त्यांनी रॅप आणि रॉकबरोबर बसवली. पंजाबात जालंधरची गिन्नी माही त्याच वाटेने गाते. हे सारे ती मुलगी मोबाइलवर ऐकते आणि वडिलांच्या चाली गिटारवर बसवून पाहते.

आम्हाला वाटले होते की शाहीर नाराज असतील. तसे काही नव्हते. ते म्हणाले, “पेटी बी बाहेरूनच आली होती की साहेब. वाद्य कोणतं हाय त्याला महत्त्व नाही. शब्द आपला पाहिजे अन् कडवी पुरी गायली पाहिजेत.”

विचार करता आम्हाला वाटले, शहरात आज ज्याला इंडी म्हणून नवे समजतात ते आपल्या गायन पार्ट्या कधीपासून करीत आल्या आहेत. मालक नाही, यजमान नाही, कंपनी नाही. स्वातंत्र्य पुरेपूर. फक्त अशा गायकाला एकच आधार असतो, समोर बसलेला श्रोता. त्या श्रोत्यानेच पैसे बुडवले आणि वेळ कापली, तर स्वतंत्र गायकाने कोणाकडे दाद मागावी?

दोनशे पंच्याऐंशी रुपये

आम्ही पाकीट पुढे केले आणि झाले ते स्पष्ट सांगितले. चूक मंडळाची नाही, आमची आहे हेही सांगितले. शाहिरांनी पैसे मोजले आणि तिथल्या तिथे सात वाटे घातले. दोन हजाराला सातने भाग जात नाही. प्रत्येकी दोनशे पंच्याऐंशी आणि वर पाच रुपये उरले. “पाचाचा पेन,” असे म्हणून ते त्यांनी मुलीकडे दिले. पावतीवर सही केली. सातवा वाटा उचलून ते उठले आणि म्हणाले, “चला साहेब. हा वाटा तुम्हीच द्या.”

ढोलकीवाल्याचे घर चार गल्ल्या पलीकडे. त्यांच्या पत्नी तेंदूपत्त्याच्या दिवसांत पाने तोडायला जातात, एरवी शेतमजुरी करतात. आम्ही सगळे अंगणात बसलो. पैसे त्यांच्या हातावर ठेवताना काय बोलावे ते आम्हाला सुचेना. त्या वयाने आमच्याएवढ्याच असतील. त्यांनीच विचारले, “कोणत्या कार्यक्रमाचे भाऊ?” आम्ही सांगितले, “नांदेडचा, २०१९ चा.” त्या म्हणाल्या, “हां. ते घरी येऊन म्हणले होते, पैसे येतेत म्हणून. लेकराच्या वह्या घ्यायच्या होत्या.” त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर आम्हाला बरे वाटले असते.

शाहिरांनी मुलाला ढोलकी आणायला सांगितली. मग त्यांनी तेच गाणे धरले, आमच्या मंचावर अर्धे राहिलेले. तीन कडवी आम्ही ऐकलेली होती. चौथे कडवे ते थांबून थांबून, एकेक शब्द ठेवीत म्हणाले. त्यात त्यांच्या गावाचे नाव होते. त्यांचे स्वतःचे नाव होते. आणि त्यापुढे पार्टीतल्या साथीदारांची नावे एका ओळीत गुंफलेली होती. त्यात पहिले नाव ढोलकीवाल्याचे होते.

त्या रात्री नांदेडला आम्ही हात फिरवून जे कापले ते हे होते. हजार माणसांसमोर आपले नाव घेतले जाईल म्हणून तो माणूस ढोलकी घेऊन सव्वाशे-दीडशे किलोमीटर आला होता. तीन मिनिटे आमच्याकडे नव्हती. पाच भाषणांना मात्र आम्ही पाऊण तास दिला होता.

त्या माउलींनी पदर डोळ्यांना लावला. मुलगा वाजवीत राहिला. त्याचा हात चुकला नाही.

वाचकांस विनंती

निघताना आम्ही शाहिरांना विचारले, “साप्ताहिकात लिहिणार आहे. तुमचं नाव छापू का?” ते हसून म्हणाले, “माझं नाव शेवटच्या कडव्यात हाय. ज्याला पाहिजे त्यानं तिथवर बसून ऐकावं.” म्हणून या लेखात त्यांचे नाव नाही. किनवट भागात जाल तेव्हा ऐका.

पण आमच्यासारख्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना चार गोष्टी सांगितल्यावाचून राहवत नाही. गायन पार्टीचे पैसे डीजेच्या आधी बाजूला काढावेत. भाषणे गाण्याच्या नंतर ठेवावीत. ज्यांना ऐकायचे ते थांबतील. पत्रिकेवर पाहुण्यांबरोबर कवीचे आणि साथीदारांचेही नाव छापावे.

आणि घरातल्या मुला-मुलींसाठी एक काम. तुमच्या वस्तीत, नात्यात, मामाच्या गावाला कोणी गाणी लिहिणारे असतील तर त्यांच्या वह्या पाहा. प्रत्येक गाण्याखाली नाव, गाव आणि तारीख घालायला सांगा. मोबाइलवर त्यांच्याच आवाजात गाणे शेवटच्या कडव्यापर्यंत उतरवून घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिणाऱ्याचा हक्क गाणे लिहिल्यापासूनच असतो. नोंदणी सक्तीची नाही. तो हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर साठ वर्षे टिकतो. २०१२ च्या दुरुस्तीने तर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला वाटाही कायद्यात आणला. पण हक्क मागायला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे ती वहीच. किनवटच्या अकरा वह्यांचे फोटो आमच्या धाकटीने आणि शाहिरांच्या मुलीने मिळून काढायला घेतले आहेत. सहा झाल्या, पाच बाकी आहेत. मे महिन्याच्या सुटीत ती पुन्हा आत्याकडे जाणार असे म्हणते.

परतीच्या गाडीत मुलांच्या आईने विचारले, “अहो, पावती कुठे ठेवली?” आम्ही खिसा चाचपला. पावती होती. तिच्यावर शाहिरांची सही होती आणि खाली त्यांनी सात जणांची नावे लिहिली होती. सातव्या नावापुढे कंसात मुलाचे नाव होते. ती पावती आता मंडळाच्या वहीत लावली आहे. यंदाच्या जयंतीला पार्टीची तारीख आम्ही आधी घेतली आणि इसारही पुरा दिला. कार्यक्रम सहा वाजता गाण्यानेच सुरू होईल. दहा वाजेपर्यंत शेवटचे कडवे झालेले असेल.